आडव्या चौकटीचा हिशेब : श्रवणबेळगोळच्या दोन टेकड्यांवरून

श्रवणबेळगोळहून परतलेल्या यात्रेकरूंच्या घरांत जी छायाचित्रे भिंतीवर लागतात, ती बहुधा उभी असतात. भगवान बाहुबलींची ५७ फूट उंचीची अखंड पाषाणमूर्ती कायोत्सर्ग मुद्रेत उभी आहे. तिच्यासमोर कॅमेरा आपोआप उभा धरला जातो. चित्रात मूर्ती मावते, परंतु ते स्थळ मावत नाही. कारण स्थळाचा विस्तार आडवा आहे. उत्तरेला चंद्रगिरी, दक्षिणेला विंध्यगिरी, दोहोंच्या मध्ये गाव आणि पायऱ्यांनी बांधलेले कल्याणी हे तळे, भोवती नारळीच्या बागा आणि शेते. ज्या श्वेत सरोवरावरून ‘बेळगोळ’ हे नाव आले असे मानतात, ते हेच तळे. चंद्रगिरीच्या खडकावर उभे राहिले म्हणजे हे सारे एका दृष्टीत येते. चौकट लावली की मात्र टेकडी तरी सुटते, नाहीतर तळे तरी.

ज्यांना ही उणीव सतत जाणवते, त्यांच्या मनात आज ना उद्या पॅनोरमिक फिल्म कॅमेऱ्याची इच्छा उत्पन्न होते. डिजिटल युगातही रोल घालून छायाचित्रे काढण्याचा छंद तरुण पिढीत पुन्हा रुजू लागला आहे, आणि त्या छंदातील हे सर्वांत मोहक व बहुधा सर्वांत महागडे साधन. सांगली-कोल्हापूरकडील एखाद्या व्यापारी घरातील तरुणाने ही इच्छा घरी बोलून दाखविली, तर पेढीवर बसणारे आजोबा पहिला प्रश्न विचारतील : ‘‘बाळ, माल घेतोस ते ठीक, पण तो खपणार कुठे?’’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर विक्रेत्याच्या दुकानात मिळणे कठीण. या दोन टेकड्यांवर ते पुष्कळसे मिळते.

दोन टेकड्या

चंद्रगिरी ही दोहोंतील लहान आणि अधिक प्राचीन टेकडी. श्रुतकेवली भद्रबाहू यांच्यासमवेत मौर्य सम्राट चंद्रगुप्त दक्षिणेत आले आणि त्यांनी येथेच सल्लेखना घेतली, ही परंपरा टेकडीच्या नावातच जपलेली आहे. वरच्या आवारात चंद्रगुप्त बसदी, पार्श्वनाथ बसदी, चामुंडराय बसदी अशा देवालयांचा समूह आहे, आणि उघड्या खडकावर ठिकठिकाणी लेख कोरलेले आहेत. श्रवणबेळगोळच्या परिसरात पाचशेहून अधिक शिलालेख नोंदले गेले आहेत; त्यांतील कित्येक देहत्याग करणाऱ्या मुनींचे आणि श्रावक-श्राविकांचे स्मरण करून देतात.

विंध्यगिरी समुद्रसपाटीपासून सुमारे ३,३०० फूट उंच आहे. खडकातच कोरलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्या चढून वर जावे लागते, तेही अनवाणी. वृद्धांसाठी डोलीची सोय असते. वाटेवर त्यागद कंब, ओदेगल बसदी आणि एकाच शिळेतून घडविलेला अखंड बागिलू लागतो. मग अखेरचे आवार आणि त्यात उत्तराभिमुख मूर्ती. गंग राजांचे मंत्री व सेनापती चामुंडराय यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस, इ. स. ९८१ च्या सुमारास, ती घडवून घेतली. भोवतीचे आवार नंतरचे, बाराव्या शतकातील. ते होयसळांचे सेनापती गंगराज यांनी उभारले. मूर्तीच्या पायाशी कन्नड आणि तमिळ लेखांसोबत मराठी लेखही आहे. चामुंडरायांनी मूर्ती करविली आणि गंगराजांनी भोवतीचे आवार करविले, एवढाच त्याचा आशय. परंतु मराठीच्या अगदी आरंभीच्या शिलालेखांत त्याची गणना होते. मराठी यात्रेकरूला या परमुलखात आपले अक्षर भेटते ते असे.

साधनाची ओळख

विस्तीर्ण दृश्य एका पट्टीत पकडण्याची हौस छायाचित्रणाच्या जन्माइतकीच जुनी आहे. फिरत्या भिंगाच्या कॅमेऱ्याचे एकस्व ऑस्ट्रियातील योझेफ पुखबर्गर यांनी १८४३ मध्ये घेतले. भारतात १८५८ मध्ये फेलिचे बेआतो यांनी दिल्ली आणि लखनौची विस्तीर्ण दृश्ये टिपली, तीही साध्याच कॅमेऱ्याने : एकामागून एक चित्रे घेऊन ती शेजारी शेजारी जोडली. म्हणजे खास कॅमेरा आणि जोडकाम, हे दोन्ही मार्ग आरंभापासून बरोबरीने चालत आले आहेत.

आज बाजारात मिळणारे बहुतेक पॅनोरमिक फिल्म कॅमेरे जुने, वापरलेले असतात. त्यांचे स्थूलमानाने दोन प्रकार. पहिल्यात भिंग डावीकडून उजवीकडे फिरते आणि वक्र बसविलेल्या फिल्मवर दृश्य रंगवीत जाते. रशियातील होरायझन आणि जपानमधील वाईडलक्स हे या जातीचे. त्यांच्या कवेत अनुक्रमे सुमारे १२० आणि १४० अंशांचे दृश्य येते. परंतु सरळ रेषा त्यांना सरळ ठेवता येत नाहीत. कॅमेऱ्याच्या अगदी समोरची सरळ भिंत चित्रात धनुष्यासारखी फुगते. कॅमेरा किंचित वरखाली झुकला तर क्षितिजच वाकते.

दुसऱ्या प्रकारात भिंग स्थिर असते, केवळ चौकट लांब असते. त्यातील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे १९९८ मध्ये आलेला हॅसलब्लाड एक्सपॅन. तो फुजीफिल्मच्या सहकार्याने तयार झाला होता आणि जपानमध्ये फुजी याच नावाने विकला गेला. नेहमीच्या ३५ मिलिमीटर रोलवर तो २४ × ६५ मिलिमीटरची चौकट घेतो. साध्या कॅमेऱ्याचे २४ × ३६ चे चित्र त्याच प्रमाणात कापले, तर फिल्मचा जेवढा भाग हाती उरतो, त्याच्या तिपटीहून अधिक भाग या कॅमेऱ्याला मिळतो. मोठ्या प्रतीतही बारकावा टिकतो तो त्यामुळे. याहून थोर घराणे म्हणजे लिनहॉफ टेक्नोरामासारखे ६ × १७ सेंटिमीटरचे कॅमेरे. त्यांत १२० मापाच्या एका रोलवर केवळ चार चित्रे बसतात.

लग्नपत्रिकेची खिडकी

खरेदीपूर्वी करण्याजोगी एक परीक्षा आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदात १३ सेंटिमीटर लांब आणि ४.८ सेंटिमीटर उंच अशी खिडकी कापावी. एक डोळा मिटून ती दुसऱ्या डोळ्यापासून ९ सेंटिमीटर अंतरावर धरली, की एक्सपॅनच्या ४५ मिलिमीटर भिंगातून जेवढे दृश्य दिसेल तेवढेच, म्हणजे आडवे सुमारे ७२ अंश, त्या खिडकीत दिसते. हा कागद खिशात घेऊन जो श्रवणबेळगोळला जाईल, त्याला कॅमेऱ्याने जे सांगायचे ते कॅमेऱ्यावाचून कळेल.

चंद्रगिरीच्या खडकावर, दक्षिणेकडे तोंड करून खिडकी धरली की ती जणू याच दृश्यासाठी कापली आहे असे वाटते. समोर विंध्यगिरीचा उघडा पाषाण, त्यावर आखलेली पायऱ्यांची रेघ, माथ्यावर आवाराच्या भिंतीवरून डोकावणारे बाहुबलींचे मुख आणि खांदे, खाली तळे आणि गाव. आकाश आणि पायाखालचा खडक दोन्ही आवश्यक तेवढेच येतात. वायफळ काही उरत नाही. चामुंडरायांनी याच टेकडीवरून समोर बाण सोडला आणि मूर्तीचे दर्शन झाले, अशी कथा सांगतात. त्या बाणाची वाट चित्रात यायची, तर आडवीच चौकट हवी.

प्रकाशाची मात्र अट आहे. येथून पाहणाऱ्याचे मुख दक्षिणेकडे असते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जात असल्याने दुपारी तो समोर येतो आणि टेकडी काळवंडते. त्या दिवसांत सकाळ आणि सायंकाळ हेच खरे प्रहर. एप्रिलअखेरपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य या अक्षांशावर किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे उत्तराभिमुख मूर्तीला तेव्हा समोरून ऊन लाभते. परंतु त्यातील पुष्कळ काळ पावसाळी ढगांचा.

कल्याणीच्या पायऱ्यांवर बसून खिडकी धरली तर दुसरे दृश्य जुळते. पायऱ्यांच्या आडव्या रेघा, वारा पडला असेल तर पाण्यातील प्रतिबिंब आणि वर टेकडी, असे तीन थर नीट लागतात.

इथून पुढे मात्र जमेची बाजू थांबते. विंध्यगिरी चढताना दृश्य उभे होत जाते आणि आडवी खिडकी निरुपयोगी ठरते. माथ्यावरून बाहेर पाहिले तर दहा दिशा मोकळ्या दिसतात, पण खिडकीत येते ती आकाशाची आणि शेतांची धूसर पट्टी. रुंदी भरपूर असते, विषय नसतो. खुद्द मूर्तीच्या आवारात फिरत्या भिंगाचा कॅमेरा भोवतालच्या सरळ भिंतींना वाकवील. स्थिर भिंगाचा कॅमेरा कडेला उभ्या राहिलेल्या भाविकांना रुंद करील. खिडकी उभी धरली तर मूर्ती तिच्यात शोभते, हे खरे. परंतु जागा आटोपशीर असल्याने मान आणि कॅमेरा दोन्ही वर करावे लागतात, मग चरण थोर आणि मुख लहान दिसते. ज्या मुखावरील शांत स्मितासाठी माणूस एवढा चढून आला, तेच चित्रात दूर जाते.

एका तीर्थाचा असा हिशेब लागला : दोन दृश्ये निःसंशय जमा, बाकीची नावे. हाच कागद पुढच्या प्रत्येक यात्रेत खिशात असावा. कुंभोजगिरीच्या पायथ्याशी, वेरूळच्या जैन लेण्यांसमोर, शत्रुंजयाच्या वाटेवर तो धरून पाहावा. वर्षभरात खिडकीत खरोखर बसलेली दृश्ये वहीत टिपली, तर आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येते.

खातेवही

आता दाम. एक्सपॅनसाठी आज भारतीय चलनात काही लाख रुपये मोजावे लागतात. होरायझन त्याच्या कित्येक पट स्वस्त पडतो. हिशेबाच्या सोयीसाठी तीन लाखांचा कॅमेरा धरू या. ३६ चित्रांच्या रोलवर त्यात २१ पॅनोरमिक चित्रे येतात. रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून २,१०० रुपये आले असे मानले, तर प्रत्येक चित्रामागे चालू खर्च १०० रुपये. वर्षाला चार रोल, याप्रमाणे पाच वर्षांत २० रोल म्हणजे ४२० चित्रे. कॅमेऱ्याची किंमत त्यांवर वाटली तर चित्रामागे आणखी सुमारे ७१४ रुपये. आकडे बदलतील, रीत बदलणार नाही.

यावर खरेदीच्या बाजूचा युक्तिवाद ठरलेला असतो : कॅमेरा विकला की मुद्दल परत येते, तेव्हा हा खर्च नसून गुंतवणूक आहे. अशा कॅमेऱ्यांच्या किमती टिकून आहेत, कधी वाढल्याही आहेत, हे नाकारता येत नाही. तरी मुरब्बी व्यापाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. एक्सपॅनचे उत्पादन २००६ मध्ये थांबले. त्याचा शटर आणि रोल पुढे सरकविणारी यंत्रणा विजेवर व इलेक्ट्रॉनिक मंडलावर चालते. ते मंडल निकामी झाले आणि सुटा भाग मिळाला नाही, तर मोलाचा नग एका दिवसात मोडीत जमा होतो. होरायझनची यंत्रणा यांत्रिक असल्याने तिला बॅटरीच लागत नाही. पण कारागीर मिळणे सोपे नाही, आणि भिंग अडखळत फिरले की चित्रावर उभे पट्टे उमटतात. म्हणून वापरलेला कॅमेरा घेताना त्याच नगाने काढलेला एक पूर्ण रोल पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत.

किरकोळ वाटणारे खर्चही वहीत मांडावेत. एक्सपॅनच्या रुंद भिंगाने घेतलेल्या चित्राच्या कडा काळवंडतात. त्या उजळ करण्यासाठी मध्यभागी गडद असलेले खास फिल्टर वेगळे घ्यावे लागते, आणि ते लावले की प्रकाश सुमारे निम्मा होतो. पहाटेच्या मंद उजेडात मग तिपाई आली. कॅमेरा आणि भिंग मिळून किलोभर ओझे, वर तिपाई, आणि वाट सहाशे पायऱ्यांची अनवाणी. विमानाने बेंगळुरूपर्यंत जाणाऱ्याने रोल मोठ्या सामानात टाकू नयेत, कारण तिथले क्ष-किरण तीव्र असतात. हातातील पिशवीसाठी काही विमानतळांवर आलेली नवी सीटी यंत्रेही फिल्मला अपायकारक आहेत. म्हणून रोल हाताने तपासण्याची विनंती करावी.

एवढे सारे मांडूनही काहींच्या बाबतीत खरेदी योग्य ठरते, हेही लिहिले पाहिजे. प्राग शहरातील योसेफ सुदेक यांचे उदाहरण छायाचित्रणाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १८९६ मध्ये जन्मलेल्या सुदेक यांनी पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला. मध्यम वयात त्यांच्या हाती कोडॅकचा अर्धशतक जुना, फिरत्या भिंगाचा पॅनोरमिक कॅमेरा आला. त्याचे एकेक चित्र सुमारे एक फूट लांब. एका हाताने तो सांभाळत ते वर्षानुवर्षे आपल्याच शहराच्या गल्ल्या, पूल आणि उपनगरे हिंडले. १९५९ मध्ये त्यांचा ‘प्राग पॅनोरमिक’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात २८४ चित्रे होती. तेथे वापर एवढा होता की किमतीचा प्रश्नच मागे पडला. ज्याला एका गावाकडे, एका टेकडीकडे शंभर वेळा परत जायचे आहे, त्याच्या हाती हे साधन कपाटात पडून राहत नाही. वर्षातून एकदा यात्रेला जाणाऱ्याच्या हाती बहुधा पडून राहते.

बिलात न दिसणारी नोंद

पैशांचा हिशेब येथे संपतो; परंतु जैन घरासाठी आणखी एक नोंद शिल्लक राहते, जी कोणत्याही बिलावर छापलेली नसते. फिल्मवरील प्रकाशसंवेदी थर म्हणजे चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण, आणि ते कण धरून ठेवणारे माध्यम म्हणजे जिलेटिन. जिलेटिन हे गुरांची हाडे व कातडी आणि डुकरांची कातडी यांपासून काढले जाते. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटिनचा थर असलेल्या काचपट्टीची पद्धत मांडली आणि पुढे तीच सर्वत्र रूढ झाली. पर्याय शोधण्याचे प्रयत्न झाले, तरी बाजारातील फिल्म आजही जिलेटिनवरच उभी आहे. हा संबंध किती खोल आहे हे १९२५ च्या सुमारास कोडॅकच्या प्रयोगशाळेतील सॅम्युएल शेपर्ड यांच्या शोधाने दिसून आले. काही जिलेटिन फिल्मला अधिक संवेदनशील करते आणि काही करीत नाही, याचे कारण ते शोधत होते. ते निघाले मोहरीच्या तेलातल्यासारखे एक गंधकयुक्त द्रव्य. मोहरीवर्गातील वनस्पती जनावरांच्या चाऱ्यात आल्याने ते जिलेटिनमध्ये उतरत होते. जनावराने काय खाल्ले, ते चित्राच्या तेजात उमटत होते.

अशा गोष्टी कळल्यावर विचार करण्याची सवय या समाजाला नवी नाही. मिठाईवरील चांदीचा वर्ख जनावरांच्या आतड्यांच्या पडद्यांत ठेवून कुटला जातो, हे समजताच कित्येक घरांनी वर्ख सोडला. पुढे २०१६ मध्ये वर्खाच्या निर्मितीत प्राणिज वस्तू वापरण्यास अन्नसुरक्षा नियमांनीही मनाई केली. औषधाची कॅप्सूल कशाची, हे दुकानदाराला विचारणारे ग्राहकही याच समाजातले. फिल्म पोटात जात नाही, म्हणून तिच्याविषयी हा प्रश्न क्वचितच विचारला गेला.

प्रामाणिकपणे पाहिले तर घरातील जुने अल्बमही याच थरावर छापलेले आहेत. आजोबा-आजींच्या विवाहाचे छायाचित्र, महामस्तकाभिषेकाच्या जुन्या आठवणी, रुग्णालयातील क्ष-किरण फिल्म, या साऱ्यांत जिलेटिन आहे. लॅबमधून येणारा नेहमीचा रंगीत प्रिंटही त्याच जातीचा असतो. बेआतो यांच्या काळी तर छापील कागदाला अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप असे. जे अजाणता झाले त्याचा दोष पूर्वजांच्या माथी मारण्याचे कारण नाही, आणि ते अल्बम फेकून देण्याचेही नाही. परंतु नवा कॅमेरा घेणे म्हणजे पुढील कित्येक वर्षे जाणूनबुजून रोल विकत घेत राहण्याचा संकल्प करणे होय. अहिंसेच्या तीर्थाचे चित्र कोणत्या द्रव्यावर उमटवायचे, हा प्रश्न मग तंत्राचा राहत नाही. व्रत पाळणाऱ्या घरात कॅमेऱ्याच्या गुणदोषांची चर्चा येथेच थांबेल, आणि ती थांबणे उचितच. ज्या घरात रेशीम, मोती, औषधे यांबाबत वेगळी मर्यादा मानली जाते, त्यांनी ही नोंदही त्याच मर्यादेने तपासावी. न तपासता पुढे जाणे मात्र हिशेबाला धरून नाही.

लहान पात्र

विंध्यगिरीवर मूर्तीच्या समोरील बाजूस गुळ्ळकाय अज्जीची मूर्ती आहे. चामुंडरायांनी मोठ्या थाटात अभिषेक आरंभिला, घडेच्या घडे दूध ओतले, तरी ते मूर्तीच्या चरणांपर्यंत पोचेना. मग एका वृद्धेने छोट्याशा फळाच्या कवचातून आणलेल्या ओंजळभर दुधाने सर्वांगाला स्नान घडले, अशी कथा यात्रेकरूंना ठाऊक आहे. मोठे पात्र जवळ असले म्हणजे अभिषेक पूर्ण होतोच असे नाही, हे ज्या ठिकाणी सांगितले जाते, तेथे जाताना साध्या साधनांचा विचार आधी करण्यास हरकत नसावी.

घरात असलेल्या डिजिटल कॅमेऱ्याने चंद्रगिरीवरील ते दृश्य उत्तम रीतीने टिपता येते. कॅमेरा उभा धरावा, प्रकाश आणि अंतर यांचे माप एकदाच कायम करावे, डावीकडून उजवीकडे पाच-सहा चित्रे घ्यावीत आणि प्रत्येक चित्रात आधीच्याचा तिसरा हिस्सा पुन्हा येऊ द्यावा. फिरताना पाय न हलविता कॅमेरा शक्यतो भिंगाभोवतीच फिरवावा, म्हणजे जवळचा खडक आणि दूरची टेकडी यांचे सांधे बिघडत नाहीत. पायऱ्यांवरील माणसे हलत असतात, तेव्हा सांधा त्यांच्यावर येऊ देऊ नये. संगणकात ही चित्रे जोडली की भिंतभर मोठी प्रतही खुलून दिसते. मोबाइलमधील पॅनोरमा त्याहून सोपा. अल्बमपुरता तोही पुरेसा. छापून घेताना कागद कोणता आणि त्यावरील थर कशाचा, हे छापणाऱ्याला विचारून घ्यावे.

फिल्मच्या प्रेमिकाला यावर म्हणता येईल की जोडलेल्या चित्रात तो एक क्षण नसतो. शटर दाबताना जो एकच श्वास असतो, मोजकीच चित्रे असल्याने जी सावधता येते, ती जोडकामात येत नाही. यात तथ्य आहे. तरीही सावधता ही कॅमेऱ्याने आणून दिलेली वस्तू नव्हे. एका फेरीत केवळ २१ चित्रे घ्यायची असे ठरवून डिजिटल कॅमेरा वापरून पाहावा. नियम पाळता आला तर कॅमेऱ्याची गरज कमी झाली असे समजावे. न आला तर महागडा कॅमेराही तो शिकवील याची खात्री नाही.

ज्या घराच्या मर्यादेत फिल्म बसत नाही, त्या घराचा निर्णय झालेलाच आहे, आणि त्यामुळे चंद्रगिरीचे दृश्य हातचे जात नाही. ज्यांच्या मर्यादेत ती बसते, त्यांनी लग्नपत्रिकेची खिडकी वर्षभर वापरावी आणि वहीत भरलेली दृश्ये मोजावीत. ती वीसच्या आत राहिली तर एखाद्या परिचिताचा कॅमेरा दोन रोलपुरता मागून घ्यावा आणि हौस पुरवावी. शंभराच्या पुढे गेली, आणि त्यांतील बरीचशी एकाच डोंगराची किंवा एकाच गावाची असली, तर आजोबांपुढे वही ठेवून खरेदीची गोष्ट काढण्यास संकोच नसावा. त्या वेळी माल कुठे खपणार, हे वहीतच लिहिलेले असेल.